खूळ कोणाचें?

समलिंगी विवाहाची गोष्ट निघाली, कीं आमचे सुशिक्षित स्नेही ‘हें पाश्चात्त्यांचें खूळ’ म्हणून हात झटकतात. परकें खूळ होतें खरें. पण तें म्हणजे ३७७ वें कलम! इंग्रजांनीं तें १८६० च्या दंडसंहितेंत घातलें आणि आम्ही तें आपली परंपरा म्हणून उराशीं धरलें. र. धों. कर्व्यांनीं ‘समाजस्वास्थ्या’त वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरें दिलीं, त्यांत समलिंगी आकर्षणही होतें, त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ सालीं डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनें उभे राहिले. तरी २०० रुपये दंड झालाच.

६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं मात्र, विवाहाचा कायदा करणें संसदेचें काम, असें सांगून त्यानें अंग काढून घेतलें. परिणाम काय? वीस वर्षें एका घरांत राहिलेल्या दोघांपैकीं एक गेला, तर मृत्युपत्रावांचून दुसऱ्यास वारसा नाहीं; कधीं न फिरकलेला पुतण्या मात्र वारस!

हीं पुण्यामुंबईचीं थेरें. वढू बुद्रुकसारख्या गांवीं असलें कांहीं नसतें, असेंही ऐकूं येतें. नसतें कसें? बोललें जात नाहीं, एवढेंच. मुलगा गप्प बसतो, वडीलधारे लग्न उरकून टाकतात आणि कोणा परक्या मुलीचा जन्म फुकट जातो. त्या मुलीच्या बापानें तरी या हक्काच्या विरुद्ध मत देऊं नये.