परक्या घामाचा हिशेब

सुटीत आठ-पंधरा दिवस एखाद्या गरीब देशात जायचे, तेथे शाळेच्या भिंती रंगवायच्या, घरांसाठी विटा वाहायच्या, विहिरीचे खोदकाम करायचे आणि मायदेशी परतायचे, हा प्रकार अमेरिकेतील चर्चच्या मंडळींमध्ये आता चांगलाच रुळला आहे. रॉबर्ट वुथनाऊ या समाजशास्त्रज्ञाने २००५ मधील सर्वेक्षणाच्या आधारे परदेशी अशा सेवेसाठी जाणाऱ्यांची संख्या वर्षाला सुमारे १६ लाख इतकी काढली होती. भारताच्या वाट्याला यातले तुलनेने थोडेच येतात. धर्मप्रचारासाठी येणाऱ्याला वेगळा व्हिसा लागतो आणि पर्यटक म्हणून येऊन प्रचार करणे हा नियमभंग ठरतो. मात्र, मोबदला न घेता जास्तीत जास्त एक महिना स्वयंसेवा करण्यास ई-पर्यटक व्हिसावर मुभा आहे. म्हणजे बायबल बॅगेत ठेवून फावडे हाती घेणाऱ्याला दार बंद नाही. तरीही हा परक्याचा घाम नेमका कोणाच्या उपयोगी पडतो, हा प्रश्न उरतोच, आणि तो बीडसारख्या जिल्ह्याच्या संदर्भात तपासून पाहण्याजोगा आहे.

महाराष्ट्राने अशा सेवेचा सर्वांत मोठा सोहळा पाहिला तो २००६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, लोणावळ्याजवळच्या मळवली परिसरात. 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या १९७६ मध्ये जॉर्जिया राज्यात स्थापन झालेल्या ख्रिस्ती संस्थेने आठवड्याभरात १०० घरे उभारण्याचा संकल्प केला होता. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर पत्नीसह हातात हातोडा घेऊन उतरले. सुमारे दोन हजार स्वयंसेवक राबले आणि त्या वेळी चित्रीकरणानिमित्त पुण्यात असलेला ब्रॅड पिटही हजेरी लावून गेला. कार्टर यांच्या मातोश्री लिलियन १९६० च्या दशकात, साठी उलटून गेल्यावर, 'पीस कोअर'च्या परिचारिका म्हणून विक्रोळीत राहून गेल्या होत्या. त्यामुळे या कुटुंबाची सेवावृत्ती दिखाऊ म्हणता येणार नाही. हॅबिटॅटच्या पद्धतीत घर फुकट मिळत नाही, लाभार्थी कुटुंबाला स्वतः राबावे लागते व कर्ज फेडावे लागते, हेही तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

परंतु मळवलीत गवंडी मिळत नव्हते काय? पुण्या-मुंबईच्या इमारती ज्यांच्या जिवावर उभ्या राहतात, तो मजूर याच महाराष्ट्रातला, याच देशातला. समुद्रापलीकडून विमानाने येणाऱ्या हातांनी विटा रचण्याचे अर्थशास्त्र काय, हे कर्ट व्हेर बीक या अभ्यासकाने होंडुरासमध्ये तपासले. १९९८ च्या 'मिच' वादळानंतर तेथे उत्तर अमेरिकेच्या चर्चगटांनीही घरे बांधली आणि स्थानिक संस्थांनीही. विमानभाड्यासह हिशेब केला, तर चर्चगटाच्या घराचा खर्च सुमारे ३० हजार डॉलर होत होता. स्थानिकांनी बांधलेले घर दोन हजार डॉलरच्या आसपास उभे राहत होते. घर कोणी बांधले यावरून त्यात राहणाऱ्या कुटुंबाच्या आयुष्यात फारसा फरक पडल्याचे आढळले नाही. इतकेच नव्हे, तर परतलेल्या स्वयंसेवकांच्या दातृत्वातही टिकाऊ वाढ दिसली नाही. व्हेर बीक हे स्वतः एका ख्रिस्ती महाविद्यालयाशी संबंधित असल्याने या निष्कर्षांना विरोधकाचा आकस म्हणून बाजूला सारता येत नाही.

हाच हिशेब बीडला लावला, तर तो अधिकच विचित्र दिसतो. बीडमध्ये तुटवडा पाण्याचा आहे, उद्योगांचा आहे, डॉक्टरांचा आहे. अंगमेहनत करणाऱ्यांचा तुटवडा मात्र कधीच नव्हता. दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत तो कोयता थांबत नाही. एक दिवस खाडा पडला तर दंड बसतो. या व्यवस्थेची किंमत किती, हे २०१९ मध्ये देशाने पाहिले. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजल्यावर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढले गेल्याचे समोर आले. श्रम निर्यात करणाऱ्या अशा जिल्ह्यात बाहेरून श्रम आणून ओतण्यात कोणते शहाणपण?

तरीही परक्या हातांना सरसकट मोडीत काढता येत नाही. आनंदवनाचा इतिहास येथे आठवावा. स्वित्झर्लंडचे शांततावादी क्वेकर पिअर सेरेसोल यांनी स्थापन केलेल्या 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल'चे नानादेशीय तरुण १९५० च्या दशकात बाबा आमटे यांच्याकडे येऊन राहिले आणि तेथील सुरुवातीच्या इमारतींच्या बांधकामात राबले. त्यांनी रचलेल्या विटा वरोऱ्याचे गवंडीही रचू शकले असते. पण कुष्ठरुग्णांच्या हातची भाजी घेण्यास कचरणाऱ्या गावकऱ्यांना, हे गोरे लोक त्याच रुग्णांसोबत जेवतात, हे दृश्य जे सांगून गेले, ते सांगणे गवंड्याला शक्य नव्हते. तेथे कामी आला तो स्नायू नव्हे, परकेपणा.

बीडच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडने तर प्रवाहाची दिशाच उलटवली. रजनीकांत व मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दाम्पत्याने १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. श्रद्धा त्यांनी लपवली नाही आणि लादलीही नाही. दुष्काळात हातपंप दलित वस्तीत बसवण्याचा त्यांचा आग्रह हा कोणत्याही प्रवचनापेक्षा बोलका होता. अक्षरओळखही नसलेल्या स्त्रियांना त्यांनी गावाच्या आरोग्यसेविका केले. १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि पुढे देशोदेशीचे विद्यार्थी येथे येऊ लागले. ते भिंत रंगवायला येत नाहीत, या बायांकडून शिकायला येतात. शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांनीही असेच केले. पाणलोटाच्या कामात परदेशी निधी आला, पण चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान यांची अट गावावर होती. घाम गावाचाच हवा, हे या धर्मगुरूला मिशनच्या पर्यटकांपेक्षा नेमके कळले होते.

श्रमयात्रेचे हे कोडे केवळ चर्चचे आहे, असे मानून शहरी वाचकाला मात्र सुटका करून घेता येणार नाही. 'पाणी फाउंडेशन'ची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये ज्या तीन तालुक्यांत सुरू झाली, त्यांत बीडचा अंबाजोगाई होता. पुढे १ मे २०१८ रोजी पुण्या-मुंबईचे 'जलमित्र' महाश्रमदानासाठी राज्यभरातल्या गावांत पोहोचले. टिकाव-फावडे, टोपी, छायाचित्रे आणि संध्याकाळी परतीचा प्रवास. मळवलीच्या अमेरिकी पाहुण्यांहून हे चित्र फार वेगळे नव्हते. गावांमध्ये एकोपा झाला, पाणी अडले, हे खरे. मोठे खोदकाम मात्र यंत्रांनी केले आणि ती गावांना पुरवण्यात भारतीय जैन संघटनेचा वाटा मोठा होता.

खरी अडचण यंत्राची नाही, श्रमदान या शब्दाची आहे. स्पर्धेचे दिवस एप्रिल-मेचे असत. त्याच सुमारास ऊसतोडीहून थकून परतलेल्या कुटुंबाकडूनही गाव श्रमाची अपेक्षा करीत असे. पाणलोटात अडलेले पाणी उतरते ते विहिरीत, आणि विहीर ज्याच्या शेतात, पाणी त्याचे. भूमिहीनाचे दान बागायतदाराच्या पदरात पडते. शहरातून आलेल्याला एका दिवसाच्या कष्टातून समाधान मिळते, शेतमालकाला पाणी मिळते. मजुराला काय मिळावे, याचे एक उत्तर महाराष्ट्राने १९७७ मध्येच रोजगार हमी कायद्याने दिले होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या त्या कायद्यात बांधबंदिस्ती आणि मृदसंधारण ही दानाची कामे नव्हती, दामाची होती.