गणेशखिंडीचे 'ऑक्सफर्ड'

पुण्याला 'पूर्वेचे ऑक्सफर्ड' म्हणण्याची सवय आपल्या प्राध्यापकवर्गाला इतकी जडली आहे, की या उपमेतले साधर्म्य नेमके कोणते, हे विचारण्याचे भान उरलेले नाही. ऑक्सफर्डचे गाव आणि तिथली महाविद्यालये शतकानुशतके एकमेकांना खेटून वाढली. गणेशखिंडीत आधी रणांगण होते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी बापू गोखल्यांची फौज खिंड आणि खडकी यांच्यामधल्या माळावर हरली. पुढे बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत, १८६४ साली, तिथे लाटसाहेबाच्या वाड्याचे काम सुरू झाले. विद्यापीठ त्या आवारात आले ते १९४९ साली, म्हणजे राज्यकर्ता गेल्यावर.

तरीही 'विद्यापीठ परिसर' या विषयावरचा कोणताही लेख उघडा. वडाची झाडे, मनोऱ्याची इमारत, भुयाराची गूढकथा, चतुःशृंगीची जत्रा आणि शेवटी औंध-बाणेरच्या खाद्यगल्ल्या! झाडांविषयी प्रस्तुत लेखकाचे भांडण नाही. त्याने त्यांच्या सावलीत डबा खाल्ला आहे. भांडण आहे ते विस्मरणाशी.

२२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून याच वाड्यातून परतताना, याच रस्त्यावर, प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. हे आपण शाळेत शिकतो. पण त्याच वर्षी, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले त्याच साथीत गेल्या, आणि २०१४ पासून विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. एकच साथ, एकच साल. एक मृत्यू विद्यापीठाच्या नावात, दुसरा त्याच्या रस्त्यावर. दामोदर चापेकरांना सुधारकांचा किती तिटकारा होता, हे त्यांच्या आत्मवृत्तातून लपत नाही. या दोघांना एका कथेत बसवणे अवघड जाते, म्हणून आपण जत्रा आणि भुयार यांवर भागवतो.

'हे इतिहास विभागाचे काम' असे कुणी म्हणेल. मग ग्रामीण साहित्याच्या तासाला कोऱ्हाळे बुद्रुकच्या विद्यार्थ्याकडून कालवा, ऊस आणि भावकी यांचे तपशील आपण कोणत्या अधिकाराने मागतो? प्रादेशिकता काय ती गावानेच सिद्ध करायची? शहराला प्रदेश नसतोच, ते थेट 'संस्कृती'च असते, हा समज मराठी विभागांनीच जोपासला आहे. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला, तेव्हा वाहतूककोंडीवर सगळे बोलले; त्या चौकाला खिंड का म्हणतात, हा प्रश्न वर्गात निघाला तो एका विद्यार्थिनीकडून, आणि वर्गावर असलेल्या शिक्षकापाशी, म्हणजे माझ्यापाशी, उत्तर तयार नव्हते.

आमच्याकडची मुले गुणपत्रिकेच्या दुरुस्तीसाठी पुण्याला जातात ती नीरा, जेजुरी, सासवड, दिवे घाट, हडपसर या वाटेने. सावित्रीबाई आणि यशवंतराव यांनी रुग्णांसाठी दवाखाना चालवला तो हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात. एसटी तिथून पुढे निघून जाते, मुले खिडकीत झोपलेली असतात. यंदाच्या एम. ए.च्या वर्गाला मी आधी हडपसरला उतरवणार आहे. गणेशखिंड त्यानंतर.