पत्र्याखालची पद्मिनी

मानखुर्दच्या आमच्या घरामागें कैलासवासी वडील बंधूंची प्रीमियर पद्मिनी बारा वर्षें पत्र्याखालीं उभी होती. मूळची इटलीची फियाट ११००. येथून दोन कोसांवरील कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार होई, आणि पद्मिनी हें नांव तिला १९७४ सालीं मिळालें. २०२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईंतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचीहि मुदत संपली. भंगारवाला दोनदां येऊन गेला. वहिनींनीं त्यास परत पाठविलें.

पुतण्या नवी बॅटरी जोडून थेट किल्ली फिरवूं लागला. आम्हीं त्याचा हात धरिला. खाडीच्या खाऱ्या हवेनें सिलिंडरांत गंज धरला असल्यास पहिल्याच झटक्यांत आंतील भिंती ओरखडल्या जातात. वृद्ध मेस्त्रींनीं चारी प्लग काढून प्रत्येक छिद्रांत थोडें तेल सोडिलें, दोन दिवस वाट पाहिली, आणि मग इंजिन हातानें हलकेच फिरविलें. टाकींतील पेट्रोल राळेसारखें चिकट झालें होतें. तें काढून कार्ब्युरेटर धुतला. (आम्हांस धातुरूपें येतात, कार्ब्युरेटर नव्हे, आम्ही केवळ कंदील धरून उभे होतों.) ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें व आंतून गंज चढवितें, तेंहि सर्व बदलविलें.

रविवारीं तिसऱ्या खेपेस काळा धूर ओकीत इंजिन सुरू झालें. वहिनींनीं पदरानें डोळे पुसले व विचारिलें, “भावोजी, नोंदणीचें काय?” पंधरा वर्षांची मुदत केव्हांच उलटली होती. नूतनीकरण होईपर्यंत गाडी अंगणांतच आहे; पुतण्या रोज सायंकाळीं ती पुसतो.