डायरीतला शेरा आणि निदान
एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवण्यातली आणि स्वतःला आवरण्यातली अडचण. ती मेंदूच्या विकासाशी निगडित असते, लाडावण्याशी नाही. मात्र ‘वर्गात स्वस्थ बसत नाही’ हा डायरीतला शेरा म्हणजे निदान नव्हे. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेनुसार लक्षणे वयाच्या १२ वर्षांआधीपासून, किमान ६ महिने आणि घर-शाळा अशा कमीत कमी दोन ठिकाणी दिसावी लागतात. वर्गात वयाने सर्वांत लहान असलेल्यांवर हा शिक्का अधिक बसतो, असे अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळले आहे. म्हणून जन्मतारीख आधी पाहावी. कान, डोळे, झोपही तपासावी. ४-५ वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना औषधाआधी पालकांचे प्रशिक्षण सुचवते: एका वेळी एकच छोटी सूचना, जमले की लगेच शाबासकी. शाळेत पुढचा बाक द्यावा आणि मधूनमधून फळा पुसायला उठवावे, अर्थात शिक्षा म्हणून नव्हे.