औषध हाती, तपासणी दूर

भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे आयसीएमआर-इंडियाब पाहणीने २०२३ मध्ये दाखवून दिले. यातील प्रत्येकाच्या डोळ्याच्या पडद्याला, म्हणजे दृष्टिपटलाला, मधुमेहाचा धोका असतो. वेळेवर निदान झाले तर बहुतेकांची दृष्टी वाचवता येते आणि त्यासाठीचे प्रभावी इंजेक्शन गेली वीस वर्षे उपलब्ध आहे. तरीही मधुमेहाने अंधत्व आलेले रुग्ण रुग्णालयांत येतच राहतात. असे का होते, हे समजून घ्यायचे तर या इंजेक्शनामागचे संशोधन आधी पाहायला हवे.

सिसिलीतील कटानिया विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेतलेले नेपोलिओने फेरारा १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या जेनेनटेक या कंपनीत रुजू झाले. त्याआधीपासून ते गायीच्या पीयूषिका ग्रंथीतील पेशींचा अभ्यास करत होते. या पेशी ज्या द्रवात वाढवल्या जात, तो द्रव रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींवर टाकला की त्या पेशी भराभर वाढतात, हे त्यांना दिसले होते. द्रवात काहीतरी होते. १९८९ मध्ये फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रथिन वेगळे काढले, त्याचे जनुकही शोधले आणि त्याला ‘व्हीईजीएफ’ हे नाव दिले. तोवर माहीत असलेले इतर वृद्धिघटक अनेक प्रकारच्या पेशींना वाढायला लावत. हा मात्र मुख्यत्वे रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर काम करणारा निघाला.

हार्वर्डमधील हॅरॉल्ड ड्वोराक यांच्या गटाने १९८३ मध्ये गाठींतून स्रवणारे आणि रक्तवाहिन्यांना पाझर फोडणारे एक प्रथिन शोधले होते. दोन्ही प्रथिने एकच असल्याचे पुढे सिद्ध झाले. नव्या रक्तवाहिन्या वाढवणे आणि असलेल्या पाझरवणे, ही दोन्ही कामे एकच रेणू करतो. डोळ्याच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट घातक ठरते.

कर्करोगाची गाठ रक्तपुरवठ्यावाचून फार वाढू शकत नाही, तेव्हा तिच्या नव्या रक्तवाहिन्या रोखाव्यात, असे जूडा फोकमन यांनी १९७१ मध्येच मांडले होते. फेरारा यांच्या गटाने १९९३ मध्ये व्हीईजीएफला बांधून ठेवणारे प्रतिपिंड वापरून उंदरांमधील गाठींची वाढ मंदावल्याचे दाखवले. त्यातूनच बेव्हॅसिझुमॅब हे औषध तयार झाले आणि २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. ज्या चाचणीवर ही मान्यता आधारली होती, त्यात नेहमीच्या केमोथेरपीला या औषधाची जोड दिल्यावर रुग्णांचे मध्यक आयुष्य १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेले. हा लाभ खरा होता, पण मर्यादित होता. स्तनाच्या कर्करोगासाठी दिलेली मान्यता तर अमेरिकेच्या नियामकाने २०११ मध्ये काढून घेतली.

डोळ्यांच्या बाबतीत या संशोधनाला अधिक ठोस यश मिळाले. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेमुळे दृष्टिपटलाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब होतात आणि पडद्याला प्राणवायू कमी पडू लागतो. प्राणवायूला आसुसलेल्या पेशी व्हीईजीएफ सोडतात. त्यामुळे जुन्या वाहिन्या पाझरून पडद्याला सूज येते. नव्याने फुटलेल्या वाहिन्या नाजूक असतात; त्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होतो. अशा रुग्णांच्या डोळ्यातील द्रवात व्हीईजीएफ वाढलेले असते, हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून दिसले. डोळ्यासाठी खास बनवलेले रॅनिबिझुमॅब २००६ मध्ये अमेरिकेत, प्रथम वाढत्या वयातील दृष्टिपटलविकारासाठी, बाजारात आले. तेव्हा त्याच्या एका मात्रेची किंमत सुमारे दोन हजार डॉलर होती. मायामीचे डॉ. फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याच्या आदल्याच वर्षी बेव्हॅसिझुमॅबचा अगदी छोटा अंश डोळ्यात देऊन पाहिला होता. त्याचा खर्च पन्नास डॉलरच्या आसपास येई. वाढत्या वयातील विकारात दोन्ही औषधे दृष्टीसाठी सारखीच उपयोगी ठरतात, हे अमेरिकेतील सरकारी निधीवर झालेल्या तुलनात्मक चाचणीने २०११ मध्ये दाखवले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही डोळ्यांसाठी बेव्हॅसिझुमॅबचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

औषध स्वस्तात मिळण्याची वाट अशी मोकळी झाली असताना आपल्याकडे अडते ते तपासणीपाशी. हा विकार सुरुवातीला दुखत नाही आणि दृष्टीही अधू करत नाही. डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगू लागले किंवा अचानक अंधारी आली की रुग्ण धावत येतो. तोवर बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. टाइप २ मधुमेहाचे निदान होताच पडद्याची तपासणी करायची आणि पुढे साधारणपणे दरवर्षी करायची, हा नियम डॉक्टरांना ठाऊक आहे. पण साखरेची तपासणी एका खोलीत आणि डोळ्यांची दुसऱ्या इमारतीत, तीही दुसऱ्या दिवशी, असे असले की मजुरी बुडवून पुन्हा येणे अनेकांना परवडत नाही. ‘दिसतंय की चांगलं’ असे म्हणून ती तपासणी राहून जाते.

इंजेक्शन सुरू झाले तरी गळती थांबत नाही. सुरुवातीला ते बहुधा दर महिन्याला घ्यावे लागते. दोन मात्रांनंतर बरे वाटले की रुग्ण येणे बंद करतो आणि सूज परत येते. दुसरी अडचण निर्जंतुकतेची. कर्करोगासाठीच्या एका बाटलीतून अनेक डोळ्यांसाठीच्या मात्रा निघतात, म्हणूनच औषध स्वस्त पडते. मात्र त्या काढताना हलगर्जी झाली, तर एकाच दिवशी अनेकांच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग होऊ शकतो. असे प्रकार भारतातही घडले आहेत.

यावरचे उपाय साधे आहेत. सरकारी रुग्णालयांच्या मधुमेह बाह्यरुग्ण विभागातच पडद्याचे छायाचित्र काढणारा कॅमेरा ठेवावा आणि प्रशिक्षित तंत्रज्ञाने साखरेच्या तपासणीच्या दिवशीच ते काढावे. तपासणीची तारीख रुग्णाच्या कागदावर रक्तदाबाच्या शेजारी लिहिली जावी. औषधाच्या मात्रा निर्जंतुक कक्षातच भरल्या जाव्यात आणि जिल्हा रुग्णालयांत इंजेक्शनाचे ठरावीक वार असावेत. न आलेल्या रुग्णाला फोन करण्याचे काम कोणाचे, हेही ठरलेले असावे. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवण्याला तर पर्यायच नाही.

प्रयोगशाळेतील निरीक्षणापासून औषधापर्यंतचा प्रवास दीड दशकाचा होता आणि तो अवघड होता. रुग्णालयाच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीपर्यंतचे अंतर त्यापेक्षा खूपच कमी आहे. ते मिटवायला नव्या संशोधनाची गरज नाही. त्यासाठी तरतूद, माणसे आणि वेळापत्रक लागते, आणि ते देणे शासनाच्या हातात आहे.