सायकलबरोबर हेल्मेटही द्या

उद्या ३ जून, जागतिक सायकल दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१८ मध्ये हा दिवस ठरवला. उद्या गावोगावी सायकल फेऱ्या निघतील. अशा एखाद्या फेरीचे पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे छायाचित्र काढून आजच्या छायाचित्राशेजारी ठेवले, तर पहिला फरक डोक्यांवर दिसतो. तेव्हा कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाचा रुमाल, बाकी सगळी उघडी डोकी. आता ओळीने हेल्मेट. रविवारी पहाटे पुण्याकडच्या सिंहगडाच्या किंवा खंबाटकीच्या चढावर उभे राहून पाहावे. बिनहेल्मेटचा हौशी सायकलस्वार शोधावा लागतो. अनेक गटांत तर ‘नो हेल्मेट, नो राइड’ हा पहिला नियम आहे आणि तो पाळायला लावणारा कुणी हवालदार नसतो. मोटार वाहन कायद्याची हेल्मेटसक्ती मोटारसायकल आणि स्कूटरवाल्यांसाठी आहे. सायकलस्वाराला तिचे बंधन नाही. तरीही लोक आपणहून हेल्मेट घालू लागले, हा बदल मोठा आहे आणि त्याचे मनापासून स्वागत करायला हवे.

हे पुण्यात घडले, याचे महत्त्व आणखी वेगळे. २०१९ च्या जानेवारीत दुचाकीस्वारांसाठी हेल्मेटसक्तीची कारवाई सुरू झाली, तेव्हा याच शहरात तिच्याविरुद्ध मोर्चा निघाला होता. मान दुखते, ऐकू येत नाही, शहरात वेग तरी कुठे असतो, ही कारणे तेव्हा चौकाचौकात ऐकू येत होती. रविवारी सायकलवर हनुवटीखालचा पट्टा नीट आवळून निघणारा माणूस सोमवारी स्कूटरवर उघड्या डोक्याने जाताना आजही दिसतो. डोके तेच, रस्ता तोच. फरक एवढाच, की स्कूटरवरचे हेल्मेट दंडाच्या पावतीबरोबर आले आणि सायकलवरचे सोबत्यांबरोबर. २०० किलोमीटरची पहिली ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, साडेतेरा तासांच्या आत पुरी करायला निघालेल्या नवख्याला हेल्मेट, दिवे आणि चमकणारे जाकीट यांशिवाय सुरुवातच करू देत नाहीत. त्याला त्यात अपमान वाटत नाही. आपण आता खरे सायकलपटू झालो, असेच वाटते.

व्यावसायिक शर्यतींच्या जगाला मात्र हे शहाणपण सहज आले नव्हते. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने हेल्मेट सक्तीचे करायचे ठरवले, तेव्हा पॅरिस-नीस शर्यतीत स्पर्धकांनी संप केला. उकडते, वजन होते, स्वतःच्या डोक्याचे काय करायचे ते आम्ही ठरवू, असे त्यांचे म्हणणे होते. संघटनेने माघार घेतली. चार वर्षांनी, १८ जुलै १९९५ रोजी, टूर द फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतातल्या पोर्ते दास्पे घाटाच्या उतारावर काही स्पर्धक पडले. त्यांत फाबियो कासार्तेली होता. हा इटलीचा तरुण, बार्सिलोना ऑलिंपिकमधला रोड शर्यतीचा सुवर्णपदक विजेता. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. तो वाचला नाही. एवढे होऊनही नियम बदलला नाही. २००३ च्या मार्चमध्ये त्याच पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्याच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हते. त्यानंतर मात्र संघटनेने दोन महिने दवडले नाहीत. मे २००३ पासून हेल्मेट सक्तीचे झाले. तेव्हाही शेवटच्या मोठ्या चढावर ते काढून ठेवण्याची सवलत द्यावी लागली होती. पुढे तीही गेली. आज त्या शर्यती पाहणाऱ्या नव्या पिढीला उघड्या डोक्याचा स्पर्धक कल्पनेतही दिसत नाही. संपाच्या वेळची सगळी कारणे विरून गेली, पण त्यासाठी बारा वर्षे गेली आणि दोन उमदी माणसे गेली.

हेल्मेट नेमके काय करते, हेही नीट समजून घ्यायला हवे; नाहीतर त्याच्याकडून भलत्या अपेक्षा केल्या जातात. आतला मुख्य भाग म्हणजे थर्मोकोलच्या जातीचाच पांढरा फोम. डोके रस्त्यावर आपटते तेव्हा तो चिरडतो आणि एका क्षणी बसणारा धक्का थोड्या जास्त वेळात, जास्त जागेवर पसरतो. एकदा चिरडला की त्याचे काम संपले. वरून धड दिसले तरी असे हेल्मेट टाकूनच द्यायचे. युरोपीय मानकाच्या चाचणीत ते साधारण दीड मीटर उंचीवरून सपाट पृष्ठभागावर आदळवतात, म्हणजे ताशी वीस किलोमीटरच्या आतबाहेरचा वेग. सायकलवरून पडणाऱ्याचे डोके जेवढ्या उंचीवरून खाली येते, तेवढ्याचा हा विचार आहे. ऑस्ट्रेलियातल्या जेक ऑलिव्हियर आणि प्रूडन्स क्रेटन या संशोधकांनी ४० अभ्यासांतल्या ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र केली, तेव्हा हेल्मेट घातलेल्यांत डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी आढळली. एवढे एका हलक्या वस्तूने साधत असेल, तर ती डोक्यावर असायलाच हवी.

पण मागून भरधाव आलेला डंपर किंवा टॅक्सी हेल्मेटला आवरता येत नाही. २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. एखादा सायकलस्वार गेला, की त्याने हेल्मेट घातले होते का, हा प्रश्न आपण आधी विचारतो आणि गाडी किती वेगात होती हे नंतर. हा क्रम उलटा व्हायला हवा. नेदरलँड्समध्ये रोज सायकलवर कामाला जाणारे बहुतेक लोक हेल्मेट घालत नाहीत, कारण त्यांना गाड्यांपासून वेगळी वाट मिळाली आहे. आपल्याकडे रंगवलेल्या सायकल मार्गांवर गाड्या उभ्या असतात. म्हणून हेल्मेटचा आग्रह धरताना महापालिकांना त्यांची जबाबदारी झटकू देता कामा नये.

सायकलस्वारांसाठीही हेल्मेटचा कायदा करा, अशी मागणी अधूनमधून होते. ती आम्हाला मान्य नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून असा कायदा जगात प्रथम केला. डोक्याच्या दुखापती घटल्या, पण किशोरवयीन मुलांचे सायकल चालवणेही घटले आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. अमेरिकेत सिअॅटल शहर ज्या किंग काउंटीत आहे, तिथे २०२२ मध्ये असा नियम रद्द झाला, कारण दंडाचा बडगा बेघर आणि कृष्णवर्णीय सायकलस्वारांवर अधिक बसत होता. आपल्याकडे तो कुणावर बसेल, हे सांगायला नको. हँडलला वर्तमानपत्रांचे गठ्ठे अडकवून पहाटे निघणारा मुलगा, रात्रपाळी संपवून घरी परतणारा वॉचमन, कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणारा कंत्राटी कामगार यांनाच पोलीस थांबवतील.

आणि खरी उणीव इथेच आहे. हेल्मेट हौसेने सायकल चालवणाऱ्यांपर्यंत पोहोचले. गरजेपोटी चालवणाऱ्यांपर्यंत पोहोचले नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. २०२२ मध्ये ते साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाले. या योजनेने वाडी-वस्तीवरच्या किती मुलींची शाळा सुटता सुटता वाचली, हे तिथल्या शिक्षकांना विचारावे. सरकारच्या फार थोड्या योजना इतक्या सरळ आणि इतक्या उपयोगी असतात. पण सायकल घेऊन मुलगी निघते ती राज्य मार्गाच्या कडेने. डांबर संपते तिथे वीतभर खाली मुरूम. मागून एसटी किंवा उसाचा ट्रॅक्टर आला की तिला तिथेच उतरावे लागते. पाठीवर दप्तर, बहुधा मागे कॅरिअरवर मैत्रीण. पुढचे चाक कडेवरून घसरले की ती पडते, आणि हेल्मेट वाचवते ते नेमके अशाच पडण्यातून.

तिला हेल्मेट द्यायचे तर ते तिच्या डोक्याचे असायला हवे. दोन वेण्या दुमडून रिबिनीने कानामागे बांधलेल्या असतात. बाजारातल्या बऱ्याचशा हेल्मेटची मागची पकड नेमकी तिथे रुतते. मग ते मागे सरकवले जाते आणि कपाळ उघडे पडते. हेल्मेटची कड भुवयांच्या वर दोन बोटे, हनुवटीखाली पट्ट्यात एखादे बोट जाईल इतकीच सैल जागा, हे शाळेत एकदा प्रत्येकीला बसवून दाखवावे लागेल. वेणी एक आणि खाली घालायची मुभा शाळेने द्यावी. शिक्षक स्वतःच्या दुचाकीवर हेल्मेट घालून आले, तर मुलींना वेगळे सांगावे लागणार नाही.

बरे सायकल हेल्मेट हजार-बाराशे रुपयांत मिळते. सरकारने एकत्र खरेदी केली तर ते आणखी स्वस्त पडेल. शाळा उघडायला आता जेमतेम दोन आठवडे आहेत आणि पहिल्या पावसात रस्ते निसरडे होतात. सायकलीच्या अनुदानात यंदापासून हेल्मेटची वेगळी रक्कम धरावी, अशी आमची शासनाकडे मागणी आहे. आणि रविवारच्या सायकल गटांना विनंती, की उद्याच्या फेरीच्या टी-शर्टवरचा खर्च यंदा वाचवावा आणि जवळच्या एका शाळेतल्या मुलींना हेल्मेट द्यावीत. ती कशी बसवायची, हे त्यांच्याइतके चांगले दुसरे कुणी शिकवू शकणार नाही.