घड्याळाचा कोंबडा आणि निळा घोडा

बालमित्रांनो, एक प्रयोग करू या. वहीचं शेवटचं पान उघडा आणि पाच मिनिटांत एक निसर्गचित्र काढा. झालं? आता तुमची वही न बघताच मी सांगतो तुम्ही काय काढलंय ते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा सूर्य, तिथूनच निघून पानाच्या खालच्या कोपऱ्यात येणारी नदी, काठावर झोपडी, झोपडीशेजारी नारळाचं झाड आणि आकाशात चार-पाच बाकदार रेघा, म्हणजे पक्षी. काय, ओळखलं की नाही?

यात जादू काही नाही. हे चित्र आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ज्याच्या गावात डोंगर नाही आणि नारळही नाही, तोसुद्धा हेच काढतो. चित्र वाईट नसतं, पण ते कोणाचंच नसतं. मग आपलं स्वतःचं चित्र कसं सुचायचं? माझ्या मते सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे आजच्या काळातल्या चित्रकारांची पुस्तकं हातात घेऊन नीट बघणं. हो, चित्रांची पुस्तकं! 'ती तर बालवाडीतल्या पोरांची' असं म्हणून नाक मुरडू नका.

भज्जू श्याम हे नाव ऐकलंय? मध्य प्रदेशात पाटणगढ नावाचं गाव आहे. तिथल्या गोंड आदिवासी कुटुंबात भज्जूंचा जन्म झाला. या भागात घराच्या भिंती आणि जमीन सारवून त्यावर नक्षी काढायची पद्धत आहे. कामाच्या शोधात भज्जू भोपाळला आले. कधी रात्रीचे पहारेकरी झाले, कधी विजेची कामं केली. त्यांचे काका जनगढसिंह श्याम हे मोठे चित्रकार. गोंड नक्षी भिंतीवरून कागदावर आणि कॅनव्हासवर आणली ती त्यांनीच. त्यांनी भज्जूंना हाताशी घेतलं. काकांच्या चित्रांत बारीक बारीक रेघा भरता भरता भज्जूंचा हात तयार झाला.

पुढे एक दिवस लंडनहून बोलावणं आलं. तिथल्या एका भारतीय हॉटेलच्या भिंती रंगवायच्या होत्या. इंग्रजी येत नाही, विमानात कधी पाय ठेवलेला नाही, आणि एकदम लंडन! परत आल्यावर त्यांनी त्या प्रवासाची चित्रं काढली आणि त्यांचं पुस्तक २००४ साली चेन्नईच्या तारा बुक्सने काढलं. नाव 'द लंडन जंगल बुक'.

आता खरी गंमत ऐका. लंडनचं ते प्रसिद्ध घड्याळ, बिग बेन, भज्जूंनी कसं काढलं असेल? मनोरा जसाच्या तसा? छे! त्यांनी काढला एक भलामोठा कोंबडा, आणि त्याचा डोळा म्हणजेच घड्याळाची तबकडी. का? कारण त्यांच्या गावात वेळ सांगतो तो कोंबडा. लंडनची वेळ आणि पाटणगढची वेळ एकाच चित्रात भेटल्या! विमान म्हणजे पंख फुटलेला हत्ती, कारण एवढं अजस्र धूड उडतं हे हत्ती उडण्याइतकंच नवलाचं. जमिनीखालून धावणारी रेल्वे म्हणजे गांडूळ. आणि रोज न चुकता मुक्कामावर पोचवणारी ३० नंबरची बस? ती झाली इमानी कुत्रा.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष, आम्हीही बसला कुत्रा करू. पण थांबा. भज्जूंनी कुत्रा उगाच गंमत म्हणून काढलेला नाही. परक्या शहरात, जिथे पाटी वाचता येत नाही, तिथे ओळखीची एकच वस्तू म्हणजे ती बस. कुत्रा आला तो त्या भावनेतून. म्हणून ते चित्र बघताना आपल्याला हसूही येतं आणि थोडं पोटात कालवल्यासारखंही होतं. भज्जूंना २०१८ साली पद्मश्री मिळाली, पण मला विचाराल तर तो कोंबडा पद्मश्रीहून भारी आहे!

आता जरा लांब जाऊ, जर्मनीत. एरिक कार्ल हा मुलगा जन्मला १९२९ साली अमेरिकेत, पण लहानपणीच आई-वडिलांबरोबर जर्मनीला गेला. तिथे तेव्हा हिटलरचं राज्य. कोणती चित्रं चांगली आणि कोणती वाईट, हेसुद्धा सरकारच ठरवायचं. मनासारखे रंग वापरणाऱ्या चित्रकारांची चित्रं संग्रहालयांतून काढून टाकलेली. पण एरिकचे चित्रकलेचे शिक्षक धीराचे होते. त्यांनी त्याला घरी बोलावलं आणि बंदी असलेल्या चित्रांच्या छापील प्रती गुपचूप दाखवल्या. कुणाला कळलं असतं तर गुरुजींची धडगत नव्हती. फ्रान्झ मार्क या जर्मन चित्रकाराचे निळे घोडे एरिकला माहीत झाले ते अशा चोरट्या चित्रांच्या दुनियेतून.

हा एरिक मोठेपणी अमेरिकेत परतला आणि मुलांसाठी पुस्तकं करू लागला. १९६९ साली आलेला त्याचा खादाड सुरवंट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. पानापानाला खरीखुरी भोकं असलेलं ते पुस्तक! कागदांना भोकं पाडायच्या पंचिंग मशीनशी खेळताना त्याला ही कल्पना सुचली. तो चित्रं रंगवत नसे, कापत असे. पातळ कागद आधी ब्रशने, बोटांनी, स्पंजाने रंगवायचे, वाळवायचे, मग कापून चिकटवायचे. २०११ साली, म्हणजे ऐंशी ओलांडल्यावर, त्याने एक पुस्तक केलं. त्यात निळा घोडा आहे, पिवळी गाय आहे आणि ठिपक्याठिपक्यांचं गाढवही आहे. लहानपणी पाहिलेल्या त्या चित्रांचं ऋण त्याने सत्तर वर्षांनी फेडलं म्हणा ना. २०२१ साली तो वारला.

(पुढचा परिच्छेद आई-बाबांना वाचायला द्या बरं का!) मुलाने निळा घोडा काढला, तर 'घोडा कधी निळा असतो का रे?' असं पटकन म्हणू नका. 'निळा का केलास?' असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. शेजारच्या मुलीच्या एलिमेंटरीच्या ग्रेडशीही तुलना नको. सहावी-सातवीत गेल्यावर कितीतरी मुलं 'मला चित्र येत नाही' म्हणून रंगपेटी माळ्यावर टाकतात. ती पेटी पुन्हा खाली येणं फार कठीण असतं.

आपल्या मराठीतही अशी पुस्तकं आहेत. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' मिळवून बघा. गोष्टही त्यांची, चित्रंही त्यांचीच. त्यातली माणसं शेजारच्या घरातून उठून आल्यासारखी वाटतात. नुसता मजकूर वाचून पान उलटू नका. माणसं बसलीत कशी, हात कुठे ठेवलेत, कोण कोणाकडे बघतंय, ते बघा. मोबाइलवरही हल्ली चित्रं दिसतात, पण पुस्तकाचं पान जितका वेळ समोर उघडं राहतं तितका वेळ पडद्यावरचं चित्र टिकत नाही, हा माझा अनुभव.

आणि नक्कल? खुशाल करा, हात बसेपर्यंत करा. भज्जूंनी काकांच्याच चित्रांत रेघा भरल्या की नाही? फक्त नक्कल झाली की तिथेच थांबू नका. त्या चित्रकाराला तुमच्या गावात घेऊन या. भज्जूंनी तुमचा एस.टी. स्टँड काढला असता तर? तासन्‌तास न येणारी एस.टी. त्यांना कोणता प्राणी वाटली असती? शाळेची घंटा, नळावरची रांग, दुपारी पेंगणारा दुकानदार, गणिताचा तास?

या रविवारी एवढंच करा. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवरची एक वस्तू निवडा आणि तिचा प्राणी करा. प्राणी मात्र तुमच्या ओळखीचा हवा, सिंह-वाघ नकोत. घरात पतंगाचा उरलेला कागद किंवा जुन्या लग्नपत्रिका असतील तर रंगांऐवजी त्याच कापून चिकटवा. खोडरबर कंपासपेटीतच राहू द्या. आणि हो, चित्राच्या मागे तारीख घालायला विसरू नका!